साखर, मोती आणि गुलामगिरीविरुद्धची छापील चित्रे

गुलामगिरी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहते. कापसाची शेते, अंकल टॉम, नाहीतर 'रूट्स' मालिकेतला कुंटा किंटे. फार तर महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी' या पुस्तकाची अर्पणपत्रिका आठवते. पण ज्या किनाऱ्यावर आपण नोकरी-धंद्यासाठी येऊन राहिलो, जिथे आपली मुले लहानाची मोठी झाली, त्या किनाऱ्याशी हा विषय जोडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मला शारजात राहून बरीच वर्षे झाली. जुनी चित्रे, नकाशे आणि पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद शाळेपासूनचा. त्या नादापायी हाताखालून गेलेल्या चित्रांतून हा इतिहास मला थोडाथोडा उलगडत गेला. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपल्यापुढे मांडतो आहे.

जहाजाचा नकाशा

या कथेची सुरुवात लंडनमध्ये होते. २२ मे १७८७ रोजी तिथे गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी एक समिती स्थापन झाली. या समितीने आपल्या शिक्क्यासाठी एक चित्र निवडले. साखळदंडांनी जखडलेला एक आफ्रिकन माणूस गुडघ्यावर बसून, हात जोडून विचारतो आहे, "मी माणूस नाही का? मी तुमचा भाऊ नाही का?" चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसाया वेजवूडने या चित्राची छोटी पदके बनवली. बघता बघता ते चित्र तपकिरीच्या डब्यांवर, केसांच्या पिनांवर आणि पत्रकांवर झळकू लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर हा त्या चळवळीचा 'लोगो' होता.

पण खरा धक्का दिला तो दुसऱ्या चित्राने. 'ब्रूक्स' नावाचे लिव्हरपूलचे एक जहाज होते. १७८८ मध्ये इंग्लंडात एक कायदा झाला आणि गुलामांच्या जहाजांत किती माणसे भरावीत याला मर्यादा आली. ब्रूक्ससाठी ती संख्या होती ४५४. १७८८-८९ मध्ये समितीच्या कार्यकर्त्यांनी काय केले, तर या जहाजाचा तळमजल्याचा नकाशा काढला आणि त्यात माणसे मापाने मांडून दाखवली. पुरुषाला लांबी ६ फूट आणि रुंदी १ फूट ४ इंच. बाईला त्याहून थोडी कमी, मुलांना आणखी कमी. लंडनमध्ये छापलेल्या आवृत्तीत ४८२ माणसे दाखवली आहेत, आणि कायद्यापूर्वी या जहाजाने एका फेरीत ६०९ माणसे नेली होती. म्हणजे चित्र पाहून ज्यांना भोवळ आली, त्यांनी प्रत्यक्षापेक्षा सव्वाशे माणसे कमीच पाहिली होती!

या चित्रात रक्त नाही, चाबूक नाही, कोणी रडत नाही. घर बांधताना आर्किटेक्ट नकाशा काढतो तसा हा थंड डोक्याने काढलेला नकाशा आहे. पण त्याच्या हजारो प्रती निघाल्या आणि घराघरांत, खानावळींत भिंतीवर लागल्या. विल्बरफोर्स यांनी याच जहाजाची लाकडी प्रतिकृती पार्लमेंटात दाखवली. पुढे १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला.

चहाच्या टेबलावरची लढाई

या चळवळीची दुसरी युक्ती मला जास्त महत्त्वाची वाटते. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या श्रमातून येत होती. १७९१ पासून तिच्यावर बहिष्कार घालण्याची हाक दिली गेली. सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली, असा चळवळीचा एक धुरीण थॉमस क्लार्कसन याचा अंदाज होता. यात पुढाकार अर्थातच घर चालवणाऱ्या बायकांचा. १७९२ मध्ये गिलरे या व्यंगचित्रकाराने राजा-राणी आपल्या मुलींना बिनसाखरेचा चहा पाजताहेत असे चित्र छापून या सगळ्याची टरही उडवली. टर उडवली जाते म्हणजे चळवळ घरात पोचली, हे तर आपण जाणतोच.

पुढे १८२० च्या दशकात साखर ठेवण्याची खास भांडी विकायला आली. त्यांच्यावर लिहिलेले असे, की ही ईस्ट इंडियाची साखर आहे आणि ती गुलामांनी बनवलेली नाही. ईस्ट इंडिया म्हणजे आपला हिंदुस्थान! गंमत अशी, की १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. आपल्याकडे गुलामगिरीचे कायदेशीर अस्तित्व संपवणारा कायदा १८४३ मध्ये झाला. आणि पेशव्यांच्या दप्तरात 'कुणबिणी'च्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आजही वाचायला मिळतात. तेव्हा भांड्यावरचा मजकूर कितीही सुबक असला तरी आपण फार अभिमान बाळगावा अशी परिस्थिती नव्हती.

तरीही त्या भांड्याने एक मोठी गोष्ट केली. बशीतला साखरेचा खडा आणि सातासमुद्रापार तो पिकवणारा माणूस, या दोघांना त्याने एका जागी आणले. आता आपल्या आखाताकडे वळू.

मुंबई इलाखा आणि आखात

आज आपण मुंबईहून तीन तासांत दुबईला उतरतो. पण हे नाते विमानाहून फार जुने आहे. आखातातला ब्रिटिश कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली चालत असे. १८०९ मध्ये मुंबईहून आलेल्या आरमाराने रास अल खैमावर हल्ला केला. त्या मोहिमेतल्या आर. टेंपल या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली १६ रंगीत दृश्ये पुढे लंडनमध्ये छापली गेली. किनाऱ्यावर उतरणारे सैनिक, जळणारी गलबते, मागे डोंगर. हा किनारा बाहेरच्या जगाला छापील चित्रांतून दिसला तो असा, तोफेच्या धुरातून.

दुसऱ्या मोहिमेनंतर जानेवारी १८२० मध्ये रास अल खैमाला जो तह झाला, त्याचे ९ वे कलम आपल्या विषयाचे आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून किंवा इतर ठिकाणांहून माणसे पळवून जहाजातून नेणे म्हणजे लूटमार आणि चाचेगिरी समजली जाईल, असे त्यात म्हटले आहे. १८४७ मध्ये इथल्या शेखांनी आपल्या गलबतांतून आफ्रिकेतील गुलाम न आणण्याचा आणखी एक करार केला. पण ही सारी बंधने समुद्रावरची होती. जमिनीवर जे गुलाम आधीच होते त्यांच्याबद्दल या करारांत काही नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण चित्रांचेही पुढे तेच झाले.

१८७३ : एक विलक्षण वर्ष

१८६८ च्या नोव्हेंबरात 'डॅफ्नी' या ब्रिटिश युद्धनौकेने पूर्व आफ्रिकेच्या समुद्रात एका गलबतातून गुलामांची सुटका केली. हाडांचे सापळे झालेली ती माणसे जहाजाच्या डेकवर बसली असताना त्यांची छायाचित्रे घेतली गेली. नौकेचा कप्तान जॉर्ज सलिव्हन याने १८७३ मध्ये या कामगिरीवर पुस्तक लिहिले आणि त्यात अशा छायाचित्रांवरून केलेली कोरीव चित्रे छापली. त्याच वर्षी कोलोम या दुसऱ्या नौदल अधिकाऱ्याचे याच विषयावरचे पुस्तक आले. लंडनची सचित्र साप्ताहिके गलबतांच्या पाठलागाची चित्रे छापत होती. लोकमत तापले होते.

त्याच वर्षी मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर झांझिबार आणि मस्कतला वाटाघाटींसाठी आले आणि जून १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद करणारा तह झाला. फ्रियर हे नाव मुंबईकरांना अपरिचित नाही. त्यांच्याच काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले.

पण या साऱ्या चित्रांत एक समान गोष्ट आहे. पाठलाग करणारा गोरा खलाशी नायक असतो, गलबत खलनायक असते आणि गुलाम केवळ वाट पाहत बसलेला असतो. वेजवूडच्या पदकातला माणूस जसा गुडघ्यावर, तसेच हेही. त्यांना नाव नाही. आपल्याकडे मलिक अंबरची लघुचित्रे पाहा. हाही हबशी, लहानपणी विकला गेलेला. पण चित्रात तो ताठ उभा आहे, कमरेला तलवार आहे, चेहऱ्यावर निजामशाहीच्या वजिराचा करारीपणा आहे. चित्र दया मागण्यासाठी काढले की माणूस दाखवण्यासाठी काढले, यावर किती फरक पडतो!

नाशिकचे आफ्रिकन

चित्रांतल्या या निनावी माणसांपैकी काहींना नावे मिळाली ती आपल्या नाशकात. आज आपण ज्याला शरणपूर रोड म्हणतो, त्या भागात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५० च्या दशकात वसाहत उभारली होती. समुद्रावर सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच या शरणपूरला पाठवली जात. तिथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉईज' म्हणतात. वाचकहो, ज्या रस्त्याने आपण नाशकात खरेदीला जातो त्या रस्त्यावर ही मुले वाढली.

आफ्रिकेचा शोध घेणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेसाठी मुंबईहूनच निघाला आणि त्याने शरणपूरची काही मुले बरोबर घेतली. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. त्याचे पार्थिव शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत चुमा आणि सुसी हे प्रमुख होते. चुमाची १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटका झाली होती आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत तो शिकला होता. लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचे नाव कोरले ते शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत तो होता. शवपेटीजवळचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तो गुडघ्यावर नाही. पुढे चुमा आणि सुसी यांनी इंग्लंडात जाऊन लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिशीच्या संपादनात मदत केली. ज्यांची चित्रे इतरांनी काढली, तेच आता सांगू लागले होते की नेमके काय घडले.

यानंतर प्राइस यांनी मोंबासाजवळ सुटका झालेल्यांची नवी वसाहत वसवली. फ्रियर यांच्या नावावरून ती 'फ्रियरटाउन' झाली. नाशिकचे अनेक आफ्रिकन तिथे शिक्षक आणि कारागीर म्हणून गेले. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

जे चित्र निघाले नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. समुद्रावरच्या गलबताचे चित्र जगभर गेले. पण गलबतातून उतरलेल्या माणसाचे पुढे काय झाले? या किनाऱ्यावर त्यांतले बरेच जण खजुराच्या बागांत, घरकामात आणि मोती काढण्याच्या कामात लागले. उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात शिंपल्यांची टोपली आणि एका श्वासात तळ गाठायचा. वर दोर धरून ओढणारा दुसरा माणूस. या कामात स्वतंत्र अरबही फार मोठ्या संख्येने होते आणि नाखुद्याच्या कर्जात तेही आयुष्यभर अडकलेले असत. पण जे गुलाम होते त्यांच्या वाट्याची कमाई मालकाच्या हाती जाई.

आणि हे मोती जायचे कुठे? मुंबईला. आखाताच्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. तिथे ते निवडले जात, वेजले जात, ओवले जात आणि तिथून पॅरिस-लंडनला जात. आपल्याकडे त्यांना 'बसऱ्याचे मोती' म्हणत. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या या साऱ्यांत तेच. माझ्या आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे आहेत, असे आमच्या घरी मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. ते बसऱ्याला नव्हे, बहुधा इथल्याच पाण्यात सापडले असतील, हे मला इथे आल्यावर कळले.

साखरेच्या भांड्यावर गुलामाची गोष्ट छापली गेली, पण मोत्याच्या डबीवर कधीच छापली गेली नाही. ना लंडनमध्ये, ना मुंबईत. मोत्याचा पाणबुड्या आणि मोती घालणारी बाई, या दोघांना एका जागी आणणारे चित्र कोणी काढले नाही. समुद्रावरचा व्यापार पुढे थंडावला, पण ज्याचे चित्र नाही त्याची आठवणही कोणाला झाली नाही, आणि जमिनीवरची गुलामगिरी तशीच चालू राहिली. याला चित्र नसणे हे एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. मोत्याच्या धंद्यात ढवळाढवळ करायला ब्रिटिश अधिकारीही कचरत. पण लोकमताचा रेटा नसला की अधिकारी कचरणारच.

अंगठ्याचा ठसा

तरीही माणसे सुटत होती, स्वतःच्या पायांनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शारजा, मस्कत, बुशहर, बहारीन येथील ब्रिटिश कचेऱ्यांत शेकडो गुलाम पळून आले आणि त्यांनी आपली जबानी दिली. माझे नाव अमुक, बापाचे नाव अमुक, वय साधारण इतके, जन्म तमक्या गावी, लहानपणी पळवले गेलो, अमक्याला विकले गेलो, मला मुक्ततेचा दाखला मिळावा. जबानीच्या खाली अंगठ्याचा ठसा. चौकशी होऊन अर्ज मंजूर झाला तर इंग्रजी आणि अरबीत एक छोटा दाखला मिळे, की हा माणूस मुक्त आहे आणि त्याच्या स्वातंत्र्यात कोणी आडकाठी करू नये.

१९२९ च्या जागतिक मंदीने आणि जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी हा धंदा बसला, तेव्हा मालकांनाच माणसे पोसणे जड झाले. यांतल्या बऱ्याच जबान्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत आणि २०१४ पासून 'कतार डिजिटल लायब्ररी'वर कोणालाही घरबसल्या पाहता येतात. मी त्या वाचल्या तेव्हा ब्रूक्स जहाजाच्या चित्राने जितके हललो नव्हतो तितका हललो. तिथे ४८२ एकसारख्या आकृत्या आहेत. इथे एकच ठसा आहे, पण तो फक्त त्या एका माणसाचा. या किनाऱ्यावरच्या गुलामाची खरी छापील प्रतिमा कोणती असेल, तर ती हीच.

बहारीनने १९३७ मध्ये, कुवेतने १९४९ मध्ये, कतारने १९५२ मध्ये गुलामगिरी बंद केली. आपल्या इथल्या अमिरातींच्या, म्हणजे तेव्हाच्या ट्रूशियल स्टेट्सच्या, शासकांनी १९६३ मध्ये ती संपवली. माझ्या तिकिटांच्या वहीत याच काळातले एक पान आहे. १९६१ मध्ये दुबईत ट्रूशियल स्टेट्सची तिकिटे निघाली. किंमत नव्या पैशांत आणि रुपयांत, कारण तेव्हा इथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत असे. कमी किमतीच्या तिकिटांवर सात खजुराची झाडे, जास्त किमतीच्या तिकिटांवर शिडाचे गलबत. खजुराची बाग आणि गलबत! दोन्ही चित्रे सुंदर आहेत, पण त्यांत माणूस नाही.

फुल्यांनी काय केले

१८७३ या वर्षाबद्दल एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. लंडनमध्ये गलबतांची चित्रे छापली जात होती त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला त्यांना ते अर्पण केलेले आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना मुक्त करताना त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. पुस्तक म्हणजे धोंडीबा आणि जोतीराव यांचा साध्या बोलीतला संवाद आहे. पण दूरच्या गुलामाचे चित्र मनात धरून फुल्यांनी प्रश्न विचारला तो आपल्याच गावाला, आपल्याच घराला. लंडनच्या वाचकाला चित्र पाहून हळहळ वाटली, की दोष दुसऱ्याच्या गलबताचा. फुल्यांच्या वाचकाला ती सोय नव्हती.

इथल्या समाजाने आपल्या या वारशाला हळूहळू जागा दिली आहे. लग्नसमारंभांत आणि सणांत होणारे 'लिवा' नृत्य आफ्रिकेतून आले आहे. दोहाला २०१५ मध्ये 'बिन जेलमूद हाउस' हे गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. एका अरब देशाने हा विषय इतक्या मोकळेपणाने मांडला, याचे कौतुक वाटते. सुट्टीत कतारला गेलात तर मॉलमधून थोडा वेळ काढून मुलांना ते जरूर दाखवा.

आणि मोत्याचा पाणबुड्या कुठे चित्रात, कॅलेंडरवर किंवा संग्रहालयात दिसला, तर मुलांना एवढे सांगा, की याचेही काही नाव होते आणि याने काढलेला मोती आपल्या मुंबईत विकला जाई. आपण वापरतो ती वस्तू कोणाच्या हातून आली, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी साखरेच्या एका भांड्याने विचारला होता. तो जुना झालेला नाही. आपल्या घरात झाडू-पोछा करणाऱ्या, आपल्या इमारती बांधणाऱ्या, आपल्या गाड्या धुणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे ना, एवढे पाहिले तरी या इतिहासाचा अभ्यास कारणी लागला असे मी म्हणेन.